मदत हवी आहे: लोकसंख्येमागे ऑलिंपिक पदकं – तक्त्यात ब्रुनेई तिसरा कसा?

पाटीपेन्सिल

पॅरिस २०२४ च्या पदकांचा लोकसंख्येनुसार तक्ता एक्सेलमध्ये करतोय. एका पानावर पदकं, दुसऱ्यावर वर्ल्ड बँकेची लोकसंख्या, आणि तीन अक्षरी देशसंकेतावरून व्हीलुकअप (दुसऱ्या पानावरून जुळणारी ओळ शोधून आणणारं फंक्शन) लावून दोन्ही जोडलीत. सूत्र साधंच: पदकं भागिले लोकसंख्या गुणिले १० लाख.

वरचे क्रमांक असे येतात: डॉमिनिका १५, सेंट लुसिया ११, ब्रुनेई ८.७, मग एकदम न्यूझीलंड ३.८.

ब्रुनेईला ४ पदकं मिळाल्याचं कुठेच सापडत नाही. ग्रेनाडा, जर्मनी, नेदरलँड्स यांच्यासमोर एरर येते. भारत ०.००४ वर आहे, आलेखात दिसतसुद्धा नाही. व्हीलुकअपच्या शेवटी फॉल्स दिलंय, म्हणजे अंदाजे जुळणीचा प्रश्न नसावा.

तिरपी_रेघ

ती ४ पदकं बहारीनची. ब्रुनेईने ऑलिंपिकमध्ये आजवर एकही पदक जिंकलेलं नाही.

पदकतालिकेत ऑलिंपिक समितीचे संकेत असतात, वर्ल्ड बँक आयएसओचे (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे) वापरते. बहुतेक सारखेच असल्याने फरक लक्षात येत नाही. समितीचा 'बीआरएन' म्हणजे बहारीन. आयएसओचा 'बीआरएन' म्हणजे ब्रुनेई, तिथे बहारीन 'बीएचआर' आहे. त्यामुळे बहारीनची पदकं ब्रुनेईच्या साडेचार लाख लोकांत वाटली गेली. बहारीनचा खरा आकडा २.५ आहे.

एरर त्याच जातीच्या आहेत: जर्मनी जीईआर/डीईयू, नेदरलँड्स एनईडी/एनएलडी, ग्रेनाडा जीआरएन/जीआरडी, स्वित्झर्लंड एसयूआय/सीएचई, कोसोवो केओएस/एक्सकेएक्स. एरर निदान बोंब तरी मारते. बीआरएन गुपचूप जुळतो, म्हणून तो जास्त वाईट.

तिसरं पान घ्या, डावीकडे समितीचा संकेत, उजवीकडे आयएसओचा. पदकं मिळवणारे देश ९० च्या आसपास आहेत, हातानेच भरा. व्हीलुकअप या पानावरून फिरवून मग लोकसंख्येकडे न्या. तरीही चायनीज तैपेई अडेल, कारण वर्ल्ड बँक तैवानचा वेगळा आकडा देत नाही. तिथे २ कोटी ३४ लाख हाताने टाका. निर्वासित संघाचं १ आणि तटस्थ खेळाडूंची ५ पदकं वगळा, त्यांना छेदच नाही. शेवटी पदकांचं मूळ पान आणि जोडलेला तक्ता, दोन्हींतल्या पदकांची बेरीज करा. फरक बरोबर ६ यायला हवा. मात्र बीआरएनसारखी चूक या बेरजेत पकडली जात नाही, त्यामुळे देशाचं नाव दोन्ही पानांवरून आणून शेजारी ठेवा आणि डोळ्यांनी तपासा.

आलेखाला लॉग स्केल (प्रत्येक पायरी आधीच्या १० पट) लावा, म्हणजे भारत दिसेल. शून्य पदकवाले देश लॉगवर बसत नाहीत, त्यांची खाली वेगळी पट्टी करा. गाळू मात्र नका.

उधारखाते

जोडणी सुधारली की ग्रेनाडा १७ वर जाऊन पहिला येईल: २ कांस्यं, लोकसंख्या १ लाख १७ हजार. पण हा क्रम जसाच्या तसा छापू नका. टोकियोत सॅन मारिनो ३ पदकांवर, ३४ हजार लोकांत, ८८ च्या आसपास होता; पॅरिसमध्ये थेट शून्य. छेद एवढासा असला की एक पदक इकडेतिकडे झालं तरी क्रमांक कोसळतो.

दुसऱ्या टोकाला उलटी अडचण. पॅरिसमध्ये ३२९ स्पर्धा होत्या. भारताने सगळी सुवर्णं जिंकली असती तरी १० लाखांमागे ०.२३ च झाली असती. न्यूझीलंडची नुसती १० सुवर्णंच १.९ होतात. शिवाय पोहण्यात एका देशाचे एका शर्यतीत दोनच, ॲथलेटिक्समध्ये बहुतेक प्रकारांत तीनच खेळाडू उतरतात. मोठ्या देशाला हा दर गाठताच येत नाही.

त्यामुळे शेजारी 'अपेक्षित पदकं' हा स्तंभ करा. जगात माणशी संधी सारखी धरली तर दर १० लाखांमागे साधारण ०.१२९ पदकं पडतात. तो दर गुणिले देशाची लोकसंख्या:

ग्रेनाडा ०.०१५, मिळाली २
न्यूझीलंड ०.६८, मिळाली २०
ऑस्ट्रेलिया ३.५, मिळाली ५३
भारत १८७, मिळाली ६

मग अपेक्षा एवढी असताना इतकी पदकं पडणं किती दुर्मीळ, हे पॉयसाँ वितरणाने (सरासरी ठाऊक असताना एखादी गोष्ट किती वेळा घडेल याची शक्यता सांगणारं सूत्र) काढा. एक्सेलचं तयार फंक्शन १ मधून वजा करून वापरलंत तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड वगैरे सगळ्यांसमोर ० येईल. इतके लहान आकडे वजाबाकीत गळून जातात. त्याऐवजी थेट लॉग घ्या: मिळालेली × एलएन(अपेक्षित) − अपेक्षित − गॅमाएलएन(मिळालेली + १). एलएन, गॅमाएलएन ही एक्सेलचीच लॉग काढणारी फंक्शनं. उणे जितकं मोठं, तितकी कामगिरी दुर्मीळ. डॉमिनिका −५, ग्रेनाडा −९, न्यूझीलंड −५१, ऑस्ट्रेलिया −९७ च्या आसपास यायला हवेत.

यात पदकं एकमेकांपासून स्वतंत्र मानली आहेत, ते पुरतं खरं नाही. सेंट लुसियाची दोन्ही एकट्या ज्युलियन आल्फ्रेडची आहेत, १०० मीटरचं सुवर्ण आणि २०० चं रौप्य.

शिरपेच

अवांतर: असाच राज्यवार तक्ता होईल का? महाराष्ट्राचं एक, स्वप्नील कुसाळेचं.

तिरपी_रेघ

होईल, पण हॉकीचं कांस्य कोणाच्या खात्यात टाकणार? ते बाजूला ठेवलं तर उरलेल्या ५ पैकी ४ हरियाणाची आहेत. २०११ च्या जनगणनेत हरियाणा २.५४ कोटी, महाराष्ट्र ११.२४ कोटी. भागाकार तुम्हीच करा, मला सोसवत नाही.

पाटीपेन्सिल

बहारीन जागेवर आला, फरकही बरोबर ६. पण लॉगच्या स्तंभावर लहानापासून मोठ्याकडे क्रम लावला तर भारत पहिला येतोय, −१६२, ऑस्ट्रेलियाच्याही वर! सूत्र तीनदा तपासलं.

उधारखाते

सूत्र बरोबर आहे, सांगायचं माझंच राहिलं. १८७ अपेक्षित असताना फक्त ६ मिळणं हेही तितकंच दुर्मीळ, आणि सूत्राला दिशा कळत नाही. आणखी एक स्तंभ घाला: मिळालेली पदकं अपेक्षेपेक्षा जास्त असतील तर लॉगचं चिन्ह उलटवून अधिक करा, कमी असतील तर उणेच राहू द्या. मग मोठ्यापासून लहानाकडे क्रम लावा.

पाटीपेन्सिल

लावला. ऑस्ट्रेलिया सगळ्यात वर, भारत शेवटच्या ओळीत. धन्यवाद.