‘कॅम्पात होतो’ला नेमकं काय म्हणायचं?

तेरणाकाठ
माझ्या आईचे चुलते, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो. वय 94, गाव धाराशिव जिल्ह्यात. निजामाविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते हद्दीबाहेर, बार्शीकडच्या सशस्त्र कॅम्पात होते. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचा अर्ज पूर्वी एकदा फेटाळला गेलाय. आता वकिलांनी तात्यांच्या हातच्या जबानीचं इंग्रजी भाषांतर मागितलंय आणि ते काम माझ्याकडे आलंय. वाक्य असं आहे: ‘मी सात महिने कॅम्पात होतो. रातच्याला हद्द वलांडून करोडगिरीची नाकी जाळली, दप्तरं जाळली.’
जुन्या अर्जात लिहून देणाऱ्यानं याचं ‘भूमिगत होतो’ केलं होतं. ते वाचून दाखवलं तर तात्या भडकले. ‘भूमिगत म्हंजे दडून बसलेला. मी काय दडलो व्हतो व्हय? बंदूक घिऊन पहाऱ्यावर हुबा व्हतो.’ मग नेमका शब्द काय? ‘मिलिशिया’ चालेल का? आणि मराठीत त्याला काय म्हणाल?

शुद्धमती
कॅम्पला ‘शिबिर’ हा चांगला शब्द असताना अडायचं कारण काय? शिबिर म्हणजे मुळात सैन्याचा तळच. ‘सशस्त्र शिबिरात स्वयंसेवक होतो’ असं आधी मराठीत नीट लिहा, भाषांतर आपोआप सुचेल.

बालाघाट
शुद्धमतीताई, कोशात बरोबर आहे, पण आज शिबिर म्हटलं की नेत्रतपासणी आठवते. छावणी म्हणावं तर आमच्या दुष्काळी भागात छावणी म्हणजे चारा छावणी. पुण्यात कॅम्प म्हणजे लष्कर, उल्हासनगरला निर्वासितांची वस्ती. मराठवाड्यात मात्र ‘आजा कॅम्पात व्हता’ एवढं म्हटलं की म्हातारी माणसं पुढचं काही विचारत नाहीत. ‘रझाकारीत जन्मला’, ‘पोलीस ॲक्शनला मी पाळण्यात होते’, अशी वयं मोजलेली माणसं आहेत ही. तो शब्द त्यांनी जगलेला आहे. तो बदलायचा अधिकार आपल्याला नाही.

शुद्धमती
जगलेला शब्द सरकारी कागदावर निरुपयोगी ठरला, म्हणून तर हा प्रश्न आला ना?

गडकोट
मिलिशियाला जुना मराठी शब्द आहेच, शिबंदी. गडाची शिबंदी, वसुलीची शिबंदी. फारसी ‘सिह-बंदी’ म्हणजे तीन महिन्यांनी पगार मिळणारे, अशी व्युत्पत्ती सांगतात. कायम फौजेतले नव्हेत, गरजेपुरते ठेवलेले.

तेरणाकाठ
पण तात्यांना तिमाहीच काय, कसलाच पगार नव्हता. गावातून भाकऱ्या यायच्या.

मनवत
मग ते स्वयंसेवक. आणि गंमत नव्हे, खरंच चटका लावणारी गोष्ट आहे: ‘रझाकार’चाही अर्थ स्वयंसेवकच. रझा म्हणजे मर्जी, खुशी. आपली ‘रजा’ तीच. राजी आणि राजीनामा त्याच मुळातले. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा पुढारी कासिम रझवी, त्याच्या लोकांनी गावं जाळली आणि त्यांच्या विरोधात उभी राहिलेली पोरंही स्वयंसेवकच. माझ्या आजीसमोर ‘रझाकार म्हणजे स्वयंसेवक’ असं मी एकदा म्हणालो होतो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शुद्धमती
रजा म्हणजे परवानगी. मर्जी कुठून आणलीत?

मनवत
परवानगी म्हणजे देणाऱ्याची मर्जीच की. अरबीत एकच धातू आहे.

दप्तरी
मी अशा फायली वर्षानुवर्षं हाताळल्या आहेत, म्हणून कळकळीनं सांगतो. ‘भूमिगत’चा कोशातला अर्थ इथे बाजूला ठेवा. स्वातंत्र्यसैनिक पेन्शनच्या योजनेत तो पारिभाषिक शब्द आहे: सहा महिन्यांहून अधिक काळ घराबाहेर, आणि फरारी म्हणून जाहीर झालेला, किंवा डोक्यावर बक्षीस, किंवा स्थानबद्धतेचा हुकूम निघूनही हाती न लागलेला. दडून बसणं हा अर्थ त्यात नाही. तात्यांना ‘फरारी’ विचारून बघा, तो शब्द त्या पिढीला लाजिरवाणा वाटत नाही. आणि जबानीत कॅम्पाचं नाव, कॅम्पप्रमुखाचं नाव हवंच. नुसत्या ‘कॅम्पात होतो’वर फाईल पुढे सरकत नाही. बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांच्या प्रकरणावर पालकर आयोग बसला, तेव्हापासून खऱ्या माणसाकडेही संशयानं बघतात.

बालाघाट
म्हणजे ज्यानं खोटं लिहिलं त्याला शब्द सापडला आणि ज्यानं नाकं जाळलं त्याला सापडेना.

शुद्धमती
पण मुळात ‘निवृत्तिवेतन’ तरी का म्हणतात? ज्यांना वेतनच नव्हतं त्यांची निवृत्ती कशातून? ‘मानधन’ म्हणा.

गडकोट
मानधन सरपंचालाही मिळतं. मला ‘सन्मान’ हाच शब्द मोलाचा वाटतो. 1972 च्या मूळ केंद्रीय योजनेत वार्षिक उत्पन्न 5,000 रुपयांच्या आत असण्याची अट होती, म्हणजे ती गरजूंना मदत होती. 1980 मध्ये अट काढली आणि नावात ‘सन्मान’ आला. एका शब्दानं योजनेचा अर्थ फिरला.

बालाघाट
नाव काहीही द्या, लोक पेन्शनच म्हणणार. ‘पेन्शन बसली का?’ हे गावच्या पारावर विचारतात, तिथे निवृत्तिवेतन कोणी बसवत नाही.

तेरणाकाठ
दप्तरीकाका, तात्यांना विचारलं. ‘फरारी चालंल,’ म्हणाले, ‘वारंट व्हतं माझ्या नावाचं.’ वॉरंटाचा कागद मात्र घरात नाही. आता ‘करोडगिरी’ राहिलं. त्याचा करोड रुपयांशी संबंध आहे का? वकील ‘लूट’ असा अर्थ घेतील अशी भीती वाटते.

गडकोट
निजामाच्या राज्यात करोडगिरी म्हणजे जकात. मागे जाल तर अकबराच्या वेळचा ‘करोडी’ हा महसुली अंमलदार, कोटी दामांच्या वसुलीचा मुलूख सांभाळणारा.

मनवत
पण महसूल म्हणजे शेतसारा. जकातीवर तो शब्द कधी गेला?

शुद्धमती
आणि ‘जकात’ तरी कुठे मराठी आहे?