शब्दचर्चा : द्वेषोक्ती, चिथावणी आणि द्वेषमूलक गुन्हा

प्रश्न : अल्पसंख्याकांविरुद्धच्या भाषणांच्या बातम्यांत ‘चिथावणीखोर’, ‘प्रक्षोभक’ आणि ‘द्वेषपूर्ण’ ही विशेषणे एकमेकांच्या जागी वापरलेली दिसतात. यांत अर्थभेद करावा का?

उत्तर : करायलाच हवा. चिथावणीत चिथावणारा, चिथावला जाणारा आणि ज्याच्या अंगावर त्याला घातले जाते तो, असे तिघे गृहीत असतात. द्वेषोक्तीत कृतीची हाक असेलच असे नाही. एखाद्या समाजाला माणसांत धरायचे नाही, एवढे ठसवले तरी ती पुरी होते. द्वेषमूलक गुन्हा म्हणजे मारहाण, जाळपोळ, खून असा एरवीही गुन्हाच असलेला प्रकार. मात्र त्यात बळीची निवड त्याच्या धर्म, जात किंवा वंशावरून झालेली असते.

या तिन्हींचा संबंध आफ्रिकेतील रवांडा या देशात स्पष्ट दिसतो. किन्यारवांडा भाषेत ‘इन्येंझी’ म्हणजे झुरळ. १९६०च्या दशकात हा शब्द सीमेपलीकडून हल्ले करणाऱ्या, तुत्सी या तिथल्या अल्पसंख्य समाजातील सशस्त्र निर्वासितांसाठी रूढ होता. पुढे तो शेतकरी, शिक्षक, लहान मुले अशा सगळ्याच तुत्सींना लावला जाऊ लागला. मला हा अर्थविस्तार सर्वांत भयंकर वाटतो, कारण शब्द तोच राहिल्याने बंडखोरांविषयीची भीती शेजारच्या निःशस्त्र कुटुंबालाही चिकटली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘आरटीएलएम’ या रेडिओ केंद्राने तो घरोघरी पोहोचवला. एप्रिल १९९४ मध्ये तुत्सींचा नरसंहार सुरू झाल्यावर याच केंद्रावरून माणसांची नावे आणि ठिकाणे सांगितली गेली, आणि ‘काम करणे’ या साध्या क्रियापदाला ठार मारण्याचा अर्थ आला. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली.

रवांडातील या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने २८ नोव्हेंबर २००७ रोजी दिलेल्या निकालात हाच अर्थभेद निर्णायक ठरला. ‘आरटीएलएम’चे ६ एप्रिल १९९४ नंतरचे प्रसारण नरसंहाराची थेट चिथावणी होते आणि हत्यांना त्याचा मोठा हातभार लागला, असे पीठाने मानले. त्या वर्षातील त्याआधीच्या प्रसारणाबाबत मात्र थेट चिथावणी सिद्ध झाली नाही. तरीही व्यापक हल्ल्याचा भाग असलेली द्वेषोक्ती ‘छळ’ या मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यात मोडू शकते, असेही पीठाने म्हटले.

पुरवणी प्रश्न : मग ‘भाषणामुळे हत्या झाली’ असे लिहावे का?

उत्तर : ‘मुळे’ने थेट कार्यकारणसंबंध सांगितला जातो, म्हणून त्याला पुरावा हवा, तो नसेल तर काय बोलले गेले आणि त्यानंतर काय घडले, एवढेच क्रमाने सांगावे. मात्र ‘भावनांचा उद्रेक झाला’ असे कधीही लिहू नये. त्या वाक्यात बोलणारा, मारणारा आणि मेलेला असे सगळेच नाहीसे होतात, आणि मेलेल्याच्या घरच्यांना त्यातल्या प्रत्येकाचा हिशेब हवा असतो.