हुकूमशाहीनंतरची राज्यघटना: अभ्यासाला कोणते देश घ्यावेत?

अर्धविराम:
मंडळी, आमच्या अभ्यासगटाचा पुढचा विषय आहे हुकूमशाही गेल्यावर राज्यघटना कशी दुरुस्त करतात. तीनच देश घ्यायचेत. जर्मनी सगळेच सुचवतात, बाकी दोन कोणते? मूलभूत हक्क सगळीकडे छानच लिहिलेले असतात, मग नेमकं तपासायचं काय तेही सांगा.

सावरी:
थेट आणीबाणीच्या कलमाकडे जा. ती लावतं कोण, उठवतं कोण, आणि मधल्या काळात कोर्टात दाद मागता येते का. जर्मनीच्या हिटलरपूर्व वायमार घटनेचं कलम ४८ बघा. १९३३ साली राइशस्टागला (संसदेच्या इमारतीला) आग लागल्यावर नागरिकांचे हक्क त्याच कलमाखाली गुंडाळले गेले.

दुसरा देश भारतच घ्या. आणीबाणीतली ४२वी घटनादुरुस्ती सगळ्यांना ठाऊक असते, १९७८ची ४४वी फारसं कुणी वाचत नाही. जून १९७५मध्ये आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही रात्रीच झाली, मंत्रिमंडळाला कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी. ४४व्या दुरुस्तीने नेमकी ही फट बुजवली: मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय घोषणा करता येत नाही. 'अंतर्गत अशांतता' हे मोघम कारण जाऊन तिथे 'सशस्त्र उठाव' आला. शिवाय कलम २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ (जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) आता आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत.

गुपचूपराव:
+१. तिसरा दक्षिण कोरिया. तिथल्या १९८७च्या घटनेनुसार संसदेने बहुमताने सांगितलं की राष्ट्राध्यक्षाला लष्करी कायदा उठवावाच लागतो. डिसेंबर २०२४मध्ये राष्ट्राध्यक्षाने लष्करी कायदा पुकारला, तेव्हा सैनिक संसदेच्या इमारतीत शिरलेले असताना हजर असलेल्या १९० सदस्यांनी एकमताने ठराव केला. कुंपणावरून उड्या मारून आले होते काही जण! एप्रिल २०२५मध्ये घटना न्यायालयाने राष्ट्राध्यक्षाला पदावरून काढलं.

काथ्याकूट:
सगळी यशाचीच उदाहरणं का? ट्युनिशिया घ्या. २०१४च्या घटनेचं जगभर कौतुक झालं. राष्ट्राध्यक्षाच्या विशेष अधिकारांवर घटना न्यायालयाचा लगाम होता, पण न्यायाधीश कोण यावर पक्षांचं शेवटपर्यंत जमलं नाही आणि न्यायालय कधी बसलंच नाही. जुलै २०२१मध्ये राष्ट्राध्यक्षांनी हेच विशेष अधिकार देणारं कलम ८० पुढे करून संसद गोठवली, तेव्हा दाद मागायला जागाच नव्हती. २०२२ साली नवी घटना आली, तीही त्यांच्याच मनासारखी.

अर्धविराम:
हे भारी आहे. आणि चिली? हुकूमशहा पिनोशेच्या काळातली १९८०ची घटना तिथे अजून चालू आहे ना?

सावरी:
आहे, पण बरीच बदललेली. निवडून न येता नेमलेले सिनेटर २००५च्या दुरुस्तीने गेले. नवे मसुदे २०२२ आणि २०२३मध्ये मतदारांनी फेटाळले. विषय मोठा आहे, त्याला वेगळी बैठक ठेवा.

काथ्याकूट:
माझं ऐकाल तर जर्मनी गाळा. तिथली हिटलरनंतरची घटना देश दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात असताना लिहिली गेली, मंजुरीही त्यांचीच लागली. भारत, कोरिया, ट्युनिशिया घ्या. ट्युनिशिया आधी.