मदत हवी आहे : अफेक्ट की इफेक्ट, पेमेंटच्या मेलात काय लिहू?

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत डिस्पॅचला आहे, एसएसएलसी मराठी मीडियम, आणि आता रोज बाहेरच्या पार्ट्यांना इंग्लिशमधून मेल. मागं 'प्लीज ॲडव्हाइस' लिहून पाठवलो तर तिकडनं लाल अक्षरात दुरुस्त होऊन आलं. ते कळलं आता, सी असला की सल्ला, एस असला की सल्ला देणे. 'सिन्स टू इयर्स'चंही सुटलं. आपण 'दोन वर्षांपासून' म्हणतो, कन्नडात 'एरडु वर्षदिंद', दोन्हीकडं पासूनच, मग सिन्सच तोंडात येणार की! मुदत असली तर फॉर, एवढं बसलंय डोक्यात.

अडलंय ते अफेक्ट-इफेक्टला. ए वाला क्रियापद, ई वाला नाम, अशी चिठ्ठी टेबलाच्या काचेखाली ठेवलोय. पावसानं माल अडकला तर 'रेन अफेक्टेड द डिस्पॅच', बरोबर. पण परवा एका पार्टीच्या पत्रात 'वी विल इफेक्ट द पेमेंट बाय मंडे' आलं, ई वाला, तेही क्रियापद म्हणून. चूक म्हणावं तर डिक्शनरीत 'घडवून आणणे' असा अर्थ दिलाय. स्पेलचेक दोन्हीला गप्प बसतंय. ग्रामरचं जाड पुस्तक तेवढं सुचवू नका, वेळ नाही.

तर मी स्वतः 'इफेक्ट द पेमेंट' लिहिलं तर चालेल का, की सरळ 'मेक द पेमेंट' लिहू? आणि तिथं चुकून ए पडला तर अर्थ बदलून पेमेंटच अडकणार असं वाटेल का समोरच्याला?