गोळीने निम्माच फरक : जोडीला लिथियम की अ‍ॅरिपिप्राझोल?

दौलतगंजकर : रुग्ण स्त्री, वय 48. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम 20 मिग्रॅ, आठ आठवडे झाले. रडणं थांबलं, झोप लागते, पण उठून काही करावंसं वाटत नाही. डॉक्टरांनी जोडीला लिथियम किंवा अ‍ॅरिपिप्राझोल सुचवलंय. बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे. मे तोंडावर आलाय, ग्वाल्हेरात पारा 45 गाठणार. ठरवण्याआधी काय विचारावं?

औषधपेटी : ताई, आधी पहिल्या गोळीची खात्री करा. आठ आठवडे पुरेसे आहेत, पण मधे डोस चुकले असतील तर ते धरता येत नाहीत. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, बी12 बघा. थायरॉइड मंदावला तरी असाच निरुत्साह राहतो. पूर्वी कधी झोप कमी होऊनही अंगात भलताच जोर, बडबड, वारेमाप खर्च असे दिवस आले होते का? असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, उपचाराची दिशाच बदलते.

अ‍ॅरिपिप्राझोल सहसा सकाळी 2 ते 5 मिग्रॅपासून सुरू करतात. गफलत होते ती इथे : पायांत चुळबुळ, एका जागी बसवत नाही, सतत येरझारा. घरचे म्हणतात घबराट वाढली, मग डोस वाढवला जातो आणि त्रास दुप्पट होतो. हा गोळीचाच परिणाम असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

किल्ल्याखालचा : या रुग्णाला, या मोसमात लिथियम जपूनच. औषध जुनं आणि उपयोगी, पण रक्तातली उपयोगाची आणि विषबाधेची पातळी जवळजवळ असतात. घाम गेला, पाणी-मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. टेल्मिसार्टननेही पातळी चढते, डायक्लोफिनॅक-आयब्युप्रोफेननेही. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल.

सुरू करण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), टीएसएच, कॅल्शियम. रक्तातली लिथियमची पातळी पहिल्यांदा साधारण आठवड्याने, आणि डोस बदलला की पुन्हा. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर 12 तासांनी द्यायचं. रात्री 9 ला गोळी, सकाळी 9 ला रक्त, सकाळची गोळी नंतर. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलं की आकडा खोटा चढतो. जोडउपचारात पातळी बहुधा 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटरच्या आसपास ठेवतात.

दौलतगंजकर : त्या निर्जला एकादशी करतात. ती ऐन जेठात येते.

किल्ल्याखालचा : लिथियमवर निर्जला नको, अजिबात. फराळ करून पाणी पीत एकादशी करू द्या. उलट्या, जुलाब, हात जोरात थरथरणं, बोलणं अडखळणं, तोल जाणं यातलं काही दिसलं तर पुढची गोळी थांबवून थेट इस्पितळात न्या आणि पातळी तपासायला सांगा.

औषधपेटी : आणि गोळ्यांच्या जोडीला रोज ठरल्या वेळी एक छोटं काम : दारापर्यंत फेरी, तुळशीला पाणी. मन लागेल तेव्हा नाही, घड्याळ सांगेल तेव्हा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर एकटं सोडू नका. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, दिवसरात्र चालू असते.