अनुभव धागा: पूर ओसरला, मग पुढं?

ऑगस्ट २०१९ चा पूर आपल्या बेळगाव जिल्ह्यात कोण विसरलंय? वेदगंगा-दूधगंगा शेतात, हिडकल धरणाचं पाणी घटप्रभेतून गोकाकात, यमगर्णीजवळ हायवे बंद. सावरतोय तोवर २०२० चा लॉकडाऊन, जुलै २०२१ ला पुन्हा पाणी. तुम्ही कसे उभे राहिलात ते लिहा. ‘धीर धरा’ छापाचे सल्ले नकोत, घडलं ते सांगा.

वेदगंगेकाठ, निपाणी भाग:
मातीचं घर, दोन भिंती बसल्या. पुरात शाळेत राहायला गेलेलो, तिथून परत आलो तर सोप्यात गुडघाभर गाळ. आई काही बोलली नाही. पदर खोचला न् आधी गोठा उपसायला घेतला. म्हैस पाहुण्यांकडं कागलला ठेवलेली, ती दुसऱ्याच दिवशी आणली. डेअरीचं बिल दहा दिवसांनी येतं, तेवढंच रोख. घराचं अनुदान यायचं तेव्हा आलं, खरं घर दुधावर चाललं.

वडगाव, बेळगाव:
आमच्या यंत्रमागात पाणी शिरलं. वीज आधीच गेलेली म्हणून मोटारी जळल्या नाहीत, खरं बीमवरचा ताणा, म्हणजे मागावर गुंडाळलेलं उभं सूत, कुजला. तो वास अजून नाकात आहे. मोटारी वाळवायला ऊन कुठलं? गल्लीतल्या बेकरीवाल्यानं भट्टीजवळ ठेवू दिल्या, पैसे घेतले नाहीत. माग नीट लागले तोवर लॉकडाऊन. साड्या घरात पडून. शेवटी दोन माग मोडीत घातले, बाबा भाजीच्या गाड्यावर उभे राहिले. लोक म्हणायचे, किती खंबीर! खंबीर कसले, सोसायटीचा हप्ता होता.

निपाणी:
आमचे मालक, म्हणजे नवरा, कोरोनात गेले. सुतकातच विड्या वळायचं सूप मांडीवर घेतलं. हजारावर मजुरी; पान कापायचं, तंबाखू भरायची, सूत गुंडाळायचं. बोटं चालतात तोवर डोकं गप्प असतंय. गल्ली बोलली. सासूबाई १९८१ च्या तंबाखू आंदोलनात हायवेवर बसलेल्या, त्यांनीच उत्तर दिलं, “पोरांना तू जेवायला घालणार काय?”

गोकाक:
माझं तसं झालं नाही. दुकान उभं राहिलं, मी नाही. रात्री पत्र्यावर पाऊस वाजला की उठून उंबऱ्याला हात लावायचो, ओला आहे काय बघायला. बायकोनं धारवाडला डिमहान्सला, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या झाल्या, बोलणं झालं. आता झोप लागते, जून-जुलै सोडून. लांब जमत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, फुकट आहे.

वडगाव, बेळगाव:
गोकाकचे अण्णा, आमचे बाबा पण पावसात रात्री मागाजवळ जाऊन बसतात. विचारलं तर म्हणतात, काय नाही. त्यांना काय सांगून न्यावं?

गोकाक:
मला बायकोनं ‘झोपेचं औषध आणूया’ एवढंच सांगितलेलं. सकाळी लवकर निघा, ओपीडीला गर्दी असते.