'दुर्मिळातील दुर्मिळ' हा शब्द बरोबर आहे का?

नमस्कार मंडळी. माझी भाची लॉच्या दुसऱ्या वर्षाला आहे, बारावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे तिच्यासाठी मी काही निकालांमधले उतारे जमेल तसे मराठीत करून देतेय. आता मृत्युदंड कधी द्यावा हे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा बच्चनसिंग खटल्याचा 1980 चा निकाल घेतलाय आणि 'रेअरेस्ट ऑफ रेअर' वर येऊन अडकलेय. सगळे पेपर 'दुर्मिळातील दुर्मिळ' लिहितात पण मला ते खटकतं. दुर्मीळ म्हटलं की दुर्मीळ पोथी, दुर्मीळ नाणं, दुर्मीळ पक्षी, दुर्मीळ योग, म्हणजे सहसा मिळत नाही आणि मिळालं तर जपून ठेवावं असं काहीतरी. एखाद्या लेकराच्या खुनाला तोच शब्द लावताना हात थांबतो हो. दुसरा शब्द आहे का? आणि दुर्मिळ की दुर्मीळ?

प्रतिसाद १
आधी सोपं सांगतो. एकटा शब्द 'दुर्मीळ', ळ च्या आधी दीर्घ. सामान्यरूप झालं की ऱ्हस्व, 'दुर्मिळातला'. गरीब – गरिबाला तसंच. म्हणजे नियमाने 'दुर्मिळातील दुर्मीळ' लिहायला हवं, बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे ऱ्हस्वच छापतात.

अर्थाचं म्हणाल तर 'विरळातील विरळ' चालेल का?

प्रतिसाद २
विरळ नको, विरळ केस, विरळ वस्ती. आणि 'विरळा' म्हणावं तर 'असा माणूस विरळा', तिथेही कौतुकच. मी 'अपवादातील अपवाद' म्हणेन. कारण त्या निकालाचा गाभाच तो आहे, खुनाला जन्मठेप हा नियम आणि मृत्युदंड हा अपवाद. दुर्मीळ म्हटलं की फक्त 'असं फारसं घडत नाही' एवढंच कळतं, नियम कुठला ते कळतच नाही.

प्रतिसाद ३
मी जिल्हा कोर्टात भाषांतराच्या कामाला बरीच वर्षं होतो, म्हणून थोडं लांबण लावतो, चालवून घ्या. शब्दापेक्षा मोठी गफलत अशी की आपण ते वाक्य अर्धंच मराठीत आणलंय. मूळ वाक्यात पुढे असं आहे की दुसरा पर्याय, म्हणजे जन्मठेप, निर्विवादपणे बंद झालेला असेल तेव्हाच. हा दुसरा भाग बातम्यांत जवळपास कधीच येत नाही. म्हणून झालंय काय, 'दुर्मिळातील दुर्मिळ' म्हणजे 'फार क्रूर' असा अर्थ रुळला, आणि मग चर्चा कशाची तर किती वार केले, कितीजण मारले, प्रेताचं काय केलं. गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही बघा, वय काय, सुधारण्याची शक्यता आहे का, हे कोर्टानंच सांगितलेलं, ते शब्दातून गळून गेलं.

असाच दुसरा शब्द म्हणजे मृत्युदंडावरच्याच 1983 च्या मच्छीसिंग निकालातला 'कलेक्टिव्ह कॉन्शन्स', समाजाचा तो हादरला असेल तर फाशी देता येते असं त्यात म्हटलंय. त्याचं आम्ही कधी 'समाजमन' करायचो, कधी 'सामूहिक सदसद्विवेकबुद्धी'. आता बघा, मन हादरतं, संतापतं, ते मला समजतं. पण सदसद्विवेक म्हणजे बरंवाईट निवडणारी बुद्धी, ती संतापाच्या वेळी बाजूला ठेवली जाते हा घरोघरचा अनुभव आहे. मग फाशी कुणाच्या नावानं द्यायची, मनाच्या की विवेकाच्या? मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

प्रतिसाद ४
सगळं मान्य पण मी पुण्याची, 1976-77 मध्ये शाळेत होते. जोशी-अभ्यंकर खून खटला ज्यांनी तेव्हा पुण्यात राहून पाहिला त्यांना विचारा. दहा खून, बरेचसे घरात शिरून, म्हाताऱ्यांपासून तरुण मुलांपर्यंत. अंधार पडायच्या आत आई खिडक्या लावून घ्यायची आणि बेल वाजली तर आधी आतून नाव विचारायचं, ती सवय मला अजून आहे. 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात चौघांना फाशी झाली तेव्हा आमच्या वाड्यात कुणी आनंद केला नाही पण 'झालं एकदाचं' असं सगळ्यांना वाटलं आणि मला आजही ती शिक्षा योग्यच वाटते. दुसरा पर्याय बंद झालाय म्हणताय ना, तो तिथे बंदच झाला होता. शब्द कुठलाही वापरा, अशा माणसांसाठी तो शब्द राहू दे.

प्रतिसाद ३
ताई, तुमची भीती खोटी म्हणणारा मी कोण. पण आमच्याकडचा एक शब्द सांगतो, 'फाशी कायम'. सत्र न्यायालयानं मृत्युदंड दिला की उच्च न्यायालयानं मान्यता दिल्याशिवाय अंमल होत नाही, आणि ती मिळाली की मथळा येतो 'फाशी कायम'. नाशिककडच्या 2003 च्या एका भयंकर प्रकरणात 2009 साली सर्वोच्च न्यायालयानं सहाजणांना फाशी ठोठावली. सगळे भटक्या समाजातले, गरीब. पुढे 2019 साली त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, तपास चुकीच्या दिशेनं नेला असं म्हणून. सोळा वर्षं आत गेली होती. गुन्हा क्रूर होता यात शंकाच नाही, तुमच्यासारखंच तिथल्या लोकांनाही 'दुसरा पर्याय बंद' वाटला असणार. माणसं मात्र ती नव्हती. मधल्या दहा वर्षांत अंमल झाला असता तर तो 'कायम' कुणी काढून घेतला असता?

प्रतिसाद ४
हे मला माहीत नव्हतं. माझं जोशी-अभ्यंकरबद्दलचं मत बदलत नाही. पण हे माहीत नव्हतं.

प्रतिसाद ५
थोडं बाजूला. फाशी आणि मृत्युदंड एक नाहीत हे कुणी सांगितलंच नाही. दंड मृत्यूचा, फाशी ही फक्त पद्धत. परदेशात इंजेक्शन देऊन मारतात तिथेही आपल्याकडे 'फाशी दिली' छापून येतं ते चूक आहे. फाशी म्हणजे फास, संस्कृतमधल्या पाश वरून आलेला, फासेपारधी मधला फासही तोच.

आणि क्रियापदं बघा. दामोदर चाफेकर 1898 साली येरवड्यात 'फासावर गेले', कसाबला 2012 साली त्याच येरवड्यात 'लटकवलं'. दोरी तीच, तुरुंग तोच, पण 'गेले' म्हणताना माणसाकडे स्वतःची इच्छा राहते आणि 'लटकवलं' मध्ये तो वस्तू होतो. आपण निवाडा क्रियापदातच करून टाकतो.

प्रतिसाद २
यावरून रामशास्त्र्यांचं आठवलं. नारायणराव पेशव्यांच्या 1773 च्या खुनानंतर त्यांनी राघोबादादांना सांगितलं असं परंपरेनं सांगतात ते 'देहान्त प्रायश्चित्त'. शिक्षा नाही, प्रायश्चित्त! प्रायश्चित्त ज्याचं त्यानं घ्यायचं असतं, त्यात चूक कबूल करणं आलं. आजच्या कायद्याच्या मराठीत हे कुठेच उरलेलं नाही. आणि त्याच खुनाबद्दल 'ध चा मा' ची आख्यायिका, 'धरावे' चं 'मारावे' केलं. एका अक्षरानं जीव जातो हे मराठी माणसाला निराळं सांगायला नको.

मूळ प्रश्न विचारणारी
सगळ्यांचे मनापासून आभार, मी एक शब्द मागितला होता आणि तुम्ही वाक्य पूर्ण करून दिलंत. पुण्याच्या ताईंचं आणि नाशिकचं दोन्ही भाचीला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, मावशी 'दुर्मीळ' काढच. माझं स्वतःचं मत नाशिकचं वाचल्यावर फाशीच्या विरोधात गेलंय, पण भाषांतरात ते येऊ द्यायचं नाहीये. सध्या असं लिहिलंय: "अपवादांतल्याही अपवादात्मक प्रकरणी, आणि तेही जन्मठेपेची वाट निर्विवादपणे बंद झाली असेल तरच." 'वाट' थोडं घरगुती होतंय का? की 'पर्याय'च ठेवू?

प्रतिसाद ३
'वाट' ठेवा. पर्याय दोन कागदांमधला असतो. वाट म्हटलं की तिच्यावरून चालणारा माणूस दिसतो.